खाली फोडला तरी तुकडे वर जातात

२७ मार्च २०१९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून उडालेल्या क्षेपणास्त्राने ‘मायक्रोसॅट-आर’ हा आपलाच ७४० किलोचा उपग्रह सुमारे २८३ किलोमीटर उंचीवर फोडला. मोहिमेचं नाव ‘मिशन शक्ती’. परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी खुलासा केला की चाचणी मुद्दाम कमी उंचीवर घेतली आहे, जे काही तुकडे होतील ते काही आठवड्यांत खाली येतील. पुढच्या काही दिवसांत डीआरडीओने मुदतही सांगितली: ४५ दिवस. म्हणजे ११ मेपर्यंत आकाश साफ व्हायला हवं होतं. ११ मे उलटला तेव्हा अवकाशातल्या वस्तूंच्या अमेरिकी यादीत या उपग्रहाचे डझनावारी तुकडे अजून फिरत होते. नोंद झालेल्या सुमारे १३० तुकड्यांपैकी शेवटचा जळाला तो २०२२च्या जूनमध्ये, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळाने.

यात कुणी खोटं बोललं असं मला म्हणायचं नाही. बहुतेक तुकडे खरोखरच लवकर पडले. घोटाळा आहे तो मोजपट्टीत. ‘किती उंचीवर फोडला?’ हा एकच प्रश्न सगळे विचारतात: सरकार, वर्तमानपत्रं, आणि संयुक्त राष्ट्रांची २००७ सालची अवकाश कचऱ्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा. त्यातलं चौथं तत्त्व सांगतं की कक्षेतल्या वस्तू मुद्दाम फोडू नका, आणि फोडायची वेळ आलीच तर पुरेशा कमी उंचीवर फोडा. आपण ते वाक्य पाळलं. पण वाक्यच अपुरं आहे. फोडण्याची उंची तुकड्याच्या नव्या कक्षेचं एक टोक बांधून ठेवते. दुसरं टोक कुठे जाईल हे त्या तुकड्याला बसलेल्या धक्क्यावर ठरतं, आणि तो धक्का कुणाच्याच हातात नसतो. म्हणून ‘कमी उंचीवर’ ही पळवाट सोडून, कक्षेतला उपग्रह यापुढे फोडणार नाही असं भारताने स्वतःहून जाहीर करावं, असं माझं मत आहे. त्यामागे शांततावाद असेल तर असो. माझा मुद्दा मुख्यतः भूमितीचा आहे.

२८३ किलोमीटरवर गोल कक्षेत फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला ७.७४ किलोमीटर असतो. उपग्रह फुटला म्हणून हा वेग कुठे जात नाही. प्रत्येक तुकडा तो घेऊनच निघतो, फुटण्यामुळे त्यात थोडी भर पडते किंवा थोडी घट होते, आणि तुकडा स्वतःची नवी कक्षा धरतो. वातावरण क्षणभर बाजूला ठेवलं तर या प्रत्येक नव्या कक्षेला एकच अट लागू असते: ती फुटण्याच्या बिंदूतून जायला हवी. तुकडा पृथ्वीला वळसा घालून पुन्हा त्याच उंचीवरच्या त्याच जागी येतो. मधल्या प्रवासात तो कुठे जातो, ते धक्का कोणत्या दिशेने बसला यावर अवलंबून.

मागच्या बाजूला, म्हणजे प्रवासाच्या उलट दिशेने धक्का बसला, तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला कक्षा खाली झुकते. सेकंदाला ३० मीटरचा उलटा धक्का पलीकडचं टोक १८० किलोमीटरच्या आसपास आणतो. असा तुकडा काही दिवसांत संपतो. १०० मीटरचा उलटा धक्का बसला तर पलीकडचं टोक जमिनीच्याही खाली जातं, म्हणजे तुकडा पाऊण तासाच्या आत वातावरणात घुसून जळतो. थेट वर किंवा थेट खाली बसलेला धक्का कक्षा थोडी लांबट करतो: १०० मीटरच्या धक्क्याने एका अंगाला सुमारे ८५ किलोमीटर वर, दुसऱ्या अंगाला तेवढीच खाली. खालचं टोक २०० किलोमीटरच्या आत आलं की हवा उरलेलं काम करते. आडवा धक्का उंचीला हातही लावत नाही, कक्षेची पातळी, म्हणजे ती ज्या सपाट प्रतलात असते ते प्रतल, पाऊण अंशाने कलंडवतो.

उरला पुढच्या दिशेचा धक्का. खरा उपद्रव त्याचा. सेकंदाला १०० मीटरची भर पडली की पलीकडचं टोक सुमारे साडेतीनशे किलोमीटरने वर उचललं जातं, म्हणजे कक्षा होते २८३ × ६४० किलोमीटर. २०० मीटरच्या आसपास भर पडली तर वरचं टोक हजार किलोमीटरला पोचतं. आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या उंचीला, म्हणजे साधारण ४१० किलोमीटरला जायला किती लागते? सेकंदाला अवघे ३७ मीटर. ताशी १३३ किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगमर्यादा मोडून पळणारी गाडी एवढ्या वेगात असते. दोन जड वस्तूंची सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने धडक होत असताना त्यातून कुठल्याच तुकड्याला पुढच्या दिशेने एवढीही चिमूट मिळणार नाही, असं गृहीत धरायला फार मोठा आशावाद लागतो. चाचणीनंतर पाचच दिवसांनी नासाच्या तत्कालीन प्रमुखांनी, जिम ब्राइडनस्टाइन यांनी, सांगितलं की मागावर ठेवता येतील असे जवळपास ६० तुकडे सापडले आहेत आणि त्यातल्या २४ तुकड्यांचं वरचं टोक स्थानकाच्या वर आहे. त्यांच्या भाषेचा आपल्याकडे बराच राग आला. आकड्यांवर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

अवकाश कचऱ्याचा माग ठेवणारी मंडळी एक जुना आलेख वापरतात. नोरॅड या अमेरिका-कॅनडाच्या हवाई संरक्षण संस्थेतल्या जॉन गॅबार्ड यांच्या नावाने तो ओळखला जातो. आडव्या अक्षावर तुकड्याला एक फेरी मारायला लागणारा वेळ, उभ्या अक्षावर उंची. प्रत्येक तुकड्याचे दोन ठिपके: एक कक्षेच्या सर्वांत वरच्या बिंदूचा, अपभूचा, दुसरा सर्वांत खालच्या बिंदूचा, उपभूचा. गोल कक्षेतला उपग्रह फुटला की ठिपक्यांची आडवी फुली दिसते. फुलीच्या मध्याला फुटण्याची उंची असते. मागे ढकललेले तुकडे डावीकडे, पुढे ढकललेले उजवीकडे. मायक्रोसॅट-आरसारख्या कमी उंचीवरच्या घटनेत डावा हात पाहता पाहता गळून पडतो, त्यातले तुकडे यादीत नाव चढण्याआधीच जळून जातात. उजवा हात उरतो: खालचे ठिपके २८३च्या आसपास ओळीत, वरचे ठिपके तिरके चढत गेलेले. ‘कमी उंचीवर फोडला’ हे विधान या आलेखात फक्त फुलीचा मध्य कुठे आहे ते सांगतं.

आता धक्क्याबद्दल. मिशन शक्तीच्या क्षेपणास्त्राने नुसती धडक दिली, त्यावर स्फोटकं नव्हती. पण सेकंदाला दहा किलोमीटर सापेक्ष वेग असलेल्या एक किलो वस्तूची गतिज ऊर्जा ५ कोटी जूल भरते, जवळजवळ १२ किलो टीएनटीइतकी. नासाचं उपग्रहांच्या विखुरण्याचं जे प्रमाण प्रारूप आहे, त्यात एक उंबरठा धरतात: उपग्रहाच्या वजनामागे दर ग्रॅमला ४० जूलपेक्षा जास्त ऊर्जा आली तर उपग्रहाला नुसतं भोक पडून भागत नाही, तो सबंध विखुरतो. ७४० किलोसाठी हा उंबरठा होतो सुमारे ३ कोटी जूल. म्हणजे त्या वेगाने आलेला ६०० ग्रॅमचा गोळासुद्धा पुरे, आणि क्षेपणास्त्राचं मारक टोक त्याहून कितीतरी जड असतं. ‘धडक समोरून किंवा खालून झाली तर तुकडे मागे, खाली ढकलले जातील’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. सगळ्या तुकड्यांच्या संवेगाची बेरीज केली तर तो खरा आहे. पण एवढी ऊर्जा एका जागी मोकळी झाली की ती चहूकडे फेकते, आणि सरासरी मागे सरकली तरी पुढे फेकल्या गेलेल्यांची शेपटी उरतेच. अवकाश स्थानकाला धोका सरासरीपासून नाही, शेपटीपासून आहे.

तुकडे किती होतात? त्याच प्रारूपात वजन टाकलं तर ७४० किलोच्या उपग्रहाचे दहा सेंटिमीटरहून मोठे सुमारे ७०० तुकडे होतात आणि एक सेंटिमीटरहून मोठे सुमारे ३७ हजार. आकार दहापट लहान केला की संख्या पन्नासपट वाढते, असं ते सूत्र आहे. यादीत मात्र १३०च नावं चढली, कारण नाव चढायला तुकडा अनेक फेऱ्यांत पुन्हा पुन्हा रडारवर दिसून त्याची कक्षा पक्की व्हावी लागते, आणि बरेचसे त्याआधीच गेले. एक ते दहा सेंटिमीटरमधले तुकडे बहुतेक रडारना दिसतच नाहीत, आणि स्थानकाची दुपदरी ढालही साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचेच कण अडवू शकते. दिसत नाही आणि अडवताही येत नाही, असा हा मधला पट्टा. पूर्ण हिशेबात सर्वांत वाईट तोच, आणि कुठल्याही निवेदनात त्याचा आकडा नसतो.

मग ४५ दिवसांचं काय? तो आकडा हवेतून काढलेला नव्हता. २८३ किलोमीटरवर गोल फिरणारा, मध्यम जडपणाचा तुकडा खरोखरच तेवढ्यात खाली येऊ शकतो. पण लांबट कक्षेतला तुकडा दाट हवेत असतो तो फक्त उपभूजवळ, फेरीतली काही मिनिटं. २८३ × १००० किलोमीटरच्या कक्षेची एक फेरी सुमारे साडेसत्त्याण्णव मिनिटांची. दिवसाला जवळपास पंधरा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत स्थानकाची उंची दोनदा ओलांडायची, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. म्हणजे एकच तुकडा दिवसातून तीसदा त्या उंचीतून आरपार जातो. प्रत्येक वेळी उपभूपाशी त्याचा थोडा वेग जातो आणि त्यामुळे पलीकडचं, वरचं टोक थोडं उतरतं. खालचं टोक बराच काळ जवळपास जागच्या जागी. वरचं टोक उतरत उतरत खालच्याला भेटायला आलं की मगच तुकडा झपाट्याने कोसळतो. या सगळ्याला किती वेळ लागेल ते तुकडा कसा आहे यावरही ठरतं. सोनेरी उष्णतारोधक पत्र्याचा तुकडा आठवड्यात पडेल. तेवढ्याच आकाराचा टायटॅनियमचा ठोकळा, वजन जास्त आणि हवेला अडणारं क्षेत्र कमी, म्हणून कित्येक पट जास्त टिकेल.

शिवाय सूर्य. सौरडाग वाढले की वरची हवा तापून फुगते, ४००–५०० किलोमीटरवर तिची घनता दहापटीच्या घरात बदलू शकते. २०१९ हे वर्ष सौरचक्राच्या तळाचं होतं. डिसेंबर २०१९ हा अधिकृत नीचांक. म्हणजे वरची हवा सर्वांत विरळ असतानाच आपण चाचणी घेतली. उलट बाजूचं उदाहरण हवं तर फेब्रुवारी २०२२मध्ये सुमारे २१० किलोमीटरवर सोडलेल्या स्टारलिंकच्या ४९ नव्या उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास एका मध्यम भूचुंबकीय वादळाने पाडले. तीच उंची, दुसरी हवा. दिवसांत सांगितलेली कुठलीही मुदत त्या वर्षीच्या सूर्याला विचारल्याशिवाय देता येत नाही.

तरीही उंचीला काहीच अर्थ नाही असं म्हणणं चूक ठरेल. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने ‘फेंगयून-१सी’ हा हवामान उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटरवर फोडला. नोंद झालेले तुकडे तीन हजारांहून जास्त, आणि बहुतांश अजूनही वर आहेत. तिथे फुलीचा मध्यच असा आहे की डावा हातही पडत नाही. त्या उंचीवरून खाली यायला शतकं लागतात. त्या तुलनेत आपली चाचणी शंभरपट सभ्य होती, हे कबूल करायलाच हवं. अमेरिकेने फेब्रुवारी २००८मध्ये ‘यूएसए-१९३’ हा बिघडलेला हेरगिरी उपग्रह आपल्याहूनही खाली, २५० किलोमीटरच्या आत फोडला. १७४ तुकडे नोंदले गेले, बहुतेक काही आठवड्यांत पडले, शेवटचा ऑक्टोबर २००९मध्ये. दीड वर्षाहून जास्त. जगातल्या सर्वांत काळजीपूर्वक केलेल्या चाचणीलाही शेपटी होतीच.

पण मला सर्वांत बोलका वाटतो तो रशियाचा प्रकार. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांनी १९८२ सालचा, बंद पडलेला ‘कॉसमॉस-१४०८’ सुमारे ४८० किलोमीटरवर फोडला. दीड हजारांहून जास्त तुकडे. स्थानकावरच्या सातही जणांना आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं, ढग दर दीड तासाने जवळून जात होता म्हणून पुन्हा पुन्हा सावध व्हावं लागलं. सातांतले दोघे रशियनच होते. बातम्या इथे थांबल्या. खरी गंमत, गंमत म्हणायची तर, नंतर झाली.

फुटल्यानंतर पहिले काही तास तुकडे एका पुंजक्यात असतात. प्रत्येकाची फेरी थोडी कमी-जास्त वेळाची, म्हणून पुंजका ताणला जातो. मायक्रोसॅट-आरच्या उंचीवर कक्षेच्या सरासरी उंचीत दहा किलोमीटरचा फरक असला की दर फेरीला बारा सेकंदांचं, म्हणजे सुमारे ९० किलोमीटरचं अंतर पडतं. महिन्याभरात पूर्ण कडं तयार होतं. फरक शंभर किलोमीटरचा असेल तर तीन दिवसांत. मग पृथ्वीचा विषुववृत्तावरचा फुगवटा कामाला लागतो. तो कक्षेची पातळी भोवऱ्यासारखी फिरवतो, आणि फिरण्याचा वेग उंचीवर व कक्षेच्या कलावर, म्हणजे ती विषुववृत्ताशी किती अंशांचा कोन करते त्यावर, ठरतो. कॉसमॉस-१४०८चा कल होता ८२.६ अंश, त्याच्या तुकड्यांची पातळी रोज सुमारे एक अंश पश्चिमेकडे सरकत होती. पृथ्वीचे फोटो काढणारे बहुसंख्य उपग्रह त्याच सुमाराच्या उंचीवर सूर्यसमकालिक कक्षेत असतात. त्यांचा कल साधारण ९७.४ अंश, आणि त्यांची पातळी रोज जवळपास एक अंश पूर्वेकडे सरकते, म्हणजे सूर्याच्या चालीने.

८२.६ आणि ९७.४ यांची बेरीज १८० होते. याचा अर्थ असा की फिरत फिरत दोन पातळ्या एकमेकींवर बसल्या की त्यातल्या वस्तू एकाच रस्त्यावरून बरोबर समोरासमोर येतात, सेकंदाला १५ किलोमीटरहून जास्त सापेक्ष वेगाने. रोज दोन अंशांची तफावत, म्हणजे कुठल्याही एका सूर्यसमकालिक पातळीवर ही पाळी साधारण सहा महिन्यांनी येते. काही दिवस हजारो निकटभेटी, मग शांतता, मग पुन्हा. २०२२मध्ये उपग्रहचालकांनी हे अनुभवलं. पावसाची सर यावी तसे इशारे येत. आपल्या कार्टोसॅट-२ मालिकेतले काही उपग्रह सुमारे ५०५ किलोमीटरवर, साडेसत्त्याण्णव अंशांच्या कलाने फिरतात. रशियाने भारताकडे पाहून काही केलं नव्हतं. पण ज्या दिवशी त्यांनी तो उपग्रह फोडला, त्या दिवशी त्यांनी ८२.६ अंशांचा कलही फोडला, आणि त्याची जोडी आपल्या कलाशी जमते.

उंचीचा निकष इथे पार कोलमडतो. ‘पाचशेच्या खाली’ हा नियम केला असता तर कॉसमॉस-१४०८ त्यात बसला असता. ‘तीनशेच्या खाली’ केला तर मिशन शक्ती बसते, आणि तिचे तुकडे स्थानकाच्या वर जातात. ‘दोनशेच्या खाली’ केला तर तिथे उपग्रह फार दिवस टिकतच नाही, मग फोडायचं काय? वर्षाची वेळ, सूर्याची अवस्था, लक्ष्याचा कल, त्याच्या अंगातलं साहित्य, धडकेचा कोन, इतक्या गोष्टी घालूनही जो अंदाज येतो तो शेपटीपाशी सैलच राहतो. असा नियम लिहिता येत नाही. ‘कक्षेत असलेली वस्तू फोडायची नाही’ हा नियम लिहिता येतो आणि तो मोडला तर पुढच्या दोन दिवसांत जगभरच्या रडारना कळतं. शस्त्रनियंत्रणाच्या करारांत तपासणी हा नेहमीचा अडथळा असतो. इथे तुकडेच साक्ष देतात.

आपल्याकडे अवकाश कचरा म्हटलं की एप्रिल २०२२ची चंद्रपूर जिल्ह्यातली घटना आठवते. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात रात्री आकाशातून जळत आलेलं, माणसाहून मोठ्या व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपासच्या परिसरात धातूचे गोळे सापडले. २०२१मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च-३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत असा माग लागला. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. पण या घटनेने आपली भीती चुकीच्या दिशेला वळवली असं मला वाटतं. लोक विचारतात, फोडलेल्या उपग्रहाचे तुकडे डोक्यावर पडतील का? तसे ते क्वचितच पडतील. बहुतेक लहान असतात आणि वरच जळतात. जमिनीवर पोचतात ते अख्खे टप्पे आणि जाड टाक्या. आणि जमिनीवर नुकसान झालंच तर १९७२च्या दायित्व करारानुसार प्रक्षेपण करणाऱ्या देशावर थेट जबाबदारी येते, चूक सिद्ध करावी लागत नाही. वर, कक्षेत नुकसान झालं तर मात्र चूक सिद्ध करावी लागते. दोन सेंटिमीटरच्या, कुणाच्याच यादीत नसलेल्या तुकड्याने कार्टोसॅट निकामी केला तर तो कुणाचा हे कोण सिद्ध करणार? कायदा जिथे मजबूत आहे तिथे धोका थोडा, आणि जिथे धोका आहे तिथे कायदा लंगडा.

आता राजकारणाकडे. डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा विध्वंसक चाचण्या न करण्याचं आवाहन करणारा ठराव १५५ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला. रशिया आणि चीन विरोधात. भारत तटस्थ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेने आपण अशी चाचणी करणार नाही असं जाहीर केलं होतं आणि त्यानंतर तीसहून जास्त देशांनी तशी ग्वाही दिली. आपण दिलेली नाही.

तटस्थतेमागची कारणं पोकळ नाहीत. एक, हा ठराव बंधनकारक नाही, आणि अवकाशातल्या शस्त्रस्पर्धेवर बंधनकारक करार हवा ही भारताची जुनी भूमिका आहे. दोन, अण्वस्त्रप्रसारबंदीच्या वेळचा अनुभव: ज्यांच्या अणुचाचण्या आधीच झाल्या होत्या त्यांनी दार लावून घेतलं आणि बाकीच्यांना बाहेर ठेवलं. तीन, उत्तरेला चीन आहे. पण तिसऱ्या मुद्द्याने पहिले दोन झाकले जातात, म्हणून तोच तपासू. दुसरा मुद्दा तर आता उलटा आहे. दार लागण्याआधी आपण आत आलो, २०१९मध्ये. आता दार उघडं ठेवण्याचा फायदा नव्याने चाचणी करू पाहणाऱ्याला, आपल्याला नाही.

उरतो तिसरा मुद्दा चीनचा, म्हणजे प्रश्न क्षमतेचा. पुन्हा चाचणी केली नाही तर शस्त्र गंजेल का? गंजू नये म्हणून उपग्रह फोडावाच लागतो असं मात्र नाही. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. पहिला: उपग्रहाकडे क्षेपणास्त्र सोडायचं आणि मुद्दाम चुकवायचं. मारक टोकावरच्या शोधकाने लक्ष्य पकडलं का, शेवटच्या सेकंदांत दिशा सुधारणारी लहान इंजिनं बरोबर चालली का, लक्ष्यापासून किती मीटरवरून गेलं, हे सगळं दूरमापनातून कळतं. धडकेने त्यात भर पडते ती फक्त छायाचित्राची. दुसरा: कक्षेत नसलेल्या, क्षेपणास्त्रासारख्या कमानीच्या मार्गाने जाणाऱ्या लक्ष्यावर मारा करायचा. अशा लक्ष्याचा वेग कक्षेला लागणाऱ्या वेगाहून कमी असतो. त्याच्या तुकड्याला कक्षेत जायचं तर सेकंदाला काही किलोमीटरची भर लागेल, ३७ मीटरची नव्हे. म्हणून जवळजवळ सगळं अर्ध्या-पाऊण तासात समुद्रात पडतं. मिशन शक्तीच्या क्षेपणास्त्राच्याच कुळातल्या पीडीव्ही या क्षेपणास्त्रभेदी अस्त्राची २०१७ची चाचणी जहाजावरून सोडलेल्या लक्ष्यावर, बंगालच्या उपसागरावर झाली होती. आणि चीन? २००७नंतर त्याने कक्षेतला एकही उपग्रह फोडलेला नाही. २०१० आणि २०१३मध्ये त्याने क्षेपणास्त्रभेदी म्हणून जाहीर केलेल्या चाचण्या घेतल्या. आपल्या धास्तीचं जे कारण, तोच देश कचरा न करता क्षमता टिकवून आहे.

आणि आपलं वर काय काय आहे, तेही मोजलं पाहिजे. रिसोर्ससॅट, ओशनसॅट, कार्टोसॅट हे ५०० ते ८२० किलोमीटरच्या पट्ट्यात. पिकांचा अंदाज, मच्छीमारांना मिळणारी माशांच्या थव्यांची माहिती, सीमेवरची नजर, सगळं त्यांच्यावर. त्यांना वाचवण्यासाठी इस्रोला २०२२मध्ये २१ आणि २०२३मध्ये २३ वेळा उपग्रह बाजूला सरकवावे लागले. प्रत्येक वेळी थोडं इंधन जातं, म्हणजे उपग्रहाचं थोडं आयुष्य जातं. पुढे गगनयान आणि २०३५पर्यंतचं भारतीय अंतराळ स्थानक, तेही चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थानकाच्याच पट्ट्यात. २०१९ला तिथून ये-जा करणारे तुकडे दुसऱ्यांच्या स्थानकाजवळून जात होते. २०३५ला कुणी ‘कमी उंचीवर’ उपग्रह फोडला तर त्यात भारतीय माणसं असतील, आणि फोडणारा आपल्याच २०१९च्या निवेदनातली वाक्यं आपल्याला वाचून दाखवेल.

इस्रोने या बाबतीत आधीच धडा घेतलेला आहे, तोही गाजावाजा न करता. ऑक्टोबर २००१मध्ये उडालेल्या पीएसएलव्ही-सी३चा वरचा टप्पा डिसेंबरमध्ये, उरलेल्या इंधनामुळे, कक्षेतच फुटला. तीनशेहून जास्त तुकडे झाले. काही दोन दशकांनंतरही फिरत होते. त्यानंतर टप्प्यातलं उरलेलं इंधन आणि दाब काढून टाकणं हा नेमाचा भाग झाला. मार्च २०२३मध्ये मेघा-ट्रॉपिक्स हा टनभर वजनाचा उपग्रह सुमारे ८६० किलोमीटरवरून टप्प्याटप्प्याने खाली आणून प्रशांत महासागरावर पाडला. त्याची रचना करताना असं काही ठरलेलं नव्हतं. टाकीत इंधन उरलं होतं म्हणून जमलं. एप्रिल २०२४मध्ये तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी बेंगळुरूत जाहीर केलं की २०३०पर्यंत भारताच्या सर्व मोहिमा, सरकारी आणि खासगी, कचरामुक्त असतील.

सरकारीमध्ये डीआरडीओ येते की नाही, एवढं स्पष्ट करणारं एक वाक्य संरक्षण मंत्रालयाने त्या घोषणेला जोडावं. मसुदा अवघड नाही: भारत कक्षेत असलेल्या कोणत्याही वस्तूवर, कोणत्याही उंचीवर, विध्वंसक चाचणी करणार नाही, क्षमतेची तपासणी चुकवलेल्या माऱ्याने किंवा कक्षेत नसलेल्या लक्ष्यावर होईल. युद्धातल्या वापराबद्दल यात एक अक्षर नाही, म्हणून चीनचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. आमसभेत पुढच्या वेळी असा ठराव आला तर त्याआधी हे वाक्य छापलेलं असावं, म्हणजे तटस्थ बसायचं कारण शोधावं लागणार नाही.